हजेरी आणि भरवसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या परिषदेच्या ग्रंथालयात कायद्याचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आली. अपराध, शिक्षा आणि अपराध्याचे पुनर्वसन हा तिच्या परीक्षेचा विषय होता. इंग्रजी ग्रंथांची यादी तिच्याजवळ होतीच. मराठीत या विषयावर वाचण्याजोगे काय आहे, असे तिने विचारले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे नाव सांगितले, त्यामागील औंध संस्थानाची हकीकत सांगितली, आणि जाता जाता लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ तिच्या हाती ठेवले. तीन आठवड्यांनी पुस्तक परत करताना ती म्हणाली, “सर, चित्रपटात सुधारणा आहे, पण ते लोक कोण होते हे कळत नाही. या पुस्तकात लोक आहेत, पण सुधारणा कोठे आहे ते सापडत नाही.” त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण ते उत्तर आमचे आम्हांलाच पटले नाही, आणि म्हणून दोन्ही कृतींकडे पुन्हा एकवार वळणे आम्हांस भाग पडले.

चित्रपट हिंदी आहे. मराठी वाङ्मयाच्या नियतकालिकात त्याचा विचार कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. आणि ज्या भूमीत या कथेचे बीज पडले ती भूमी माणदेशाची. ती नुसती मराठी भूमी नव्हे, तर माडगूळकरांची स्वतःची जन्मभूमी. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला, आणि आटपाडी त्या काळी औंध संस्थानात होती. १९३९ च्या जानेवारीत औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास संस्थानात आणखी एक लहानसा प्रयोग झाला. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने, जे भारतानंद या नावाने येथे वावरत, अशी कल्पना मांडली की कैद्यांना कोठडीत डांबून ठेवण्याऐवजी उघड्या माळावर वसवावे, त्यांना जमीन द्यावी आणि पहारा उठवावा. राजाने ती मानली. आटपाडीजवळच्या त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला हे नाव देणारा राजा विनोदी नव्हता, गंभीर होता, हे त्या नावाचे विशेष. (याच फ्रीडमननी पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत उतरवली, ते पुस्तक १९७३ साली निघाले आणि जगभर गेले. मराठीशी या परदेशी माणसाचे ऋणानुबंध असे दुहेरी आहेत, आणि आम्ही दोन्ही विसरलो आहोत.)

१९५७ साली चित्रपट आला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला. आदिनाथ नावाचा तरुण जेलर खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी मागून घेतो, त्यांना एका ओसाड जागी नेतो, बेड्या काढतो, कुलूप लावत नाही, आणि त्यांच्या बारा हातांनी त्या माळाचा मळा करतो. कैदी एकदा पळतात. पण त्या दोन डोळ्यांची आठवण त्यांचा पाठलाग करते आणि ते परत येतात. शेवटी मळ्यावर सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण देतो. ही कथा आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. शाळांच्या प्रार्थनेत त्यातील गीत इतकी वर्षे म्हटले गेले की मूळ प्रसंग कोणता हे मुलांना ठाऊकही नसते.

या वेळी पाहताना आम्हांस प्रथम जाणवले ते हे की चित्रपटाचा उत्तम भाग उपदेशाचा नाही, बाजाराचा आहे. मळा पिकतो, कैदी भाजी घेऊन बाजारात बसतात, आणि रास्त दरात विकू लागतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळते. तेथून खरा पेच पडतो. कालपर्यंत ज्यांच्या क्रौर्याची धास्ती होती, त्यांच्या प्रामाणिकपणाचीच आता बाजारातील प्रतिष्ठितांना धास्ती वाटू लागते. कैद्यांना दारू पाजली जाते, मळ्यात जनावरे घातली जातात. ही पाहणी अत्यंत मार्मिक आहे. अपराध्याने सुधारावे असे समाज म्हणतो खरा, पण सुधारलेल्या अपराध्यासाठी बाजारात बसायला हातभर जागा सोडण्याची वेळ आली की तोच समाज पथारी पसरून बसतो. माडगूळकरांना माणदेशातील आठवड्याचा बाजार माहीत होता; भाव दोन पैशांनी उतरला की माणसाचा स्वभाव कसा बदलतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसते. शिवाय, चित्रपटातील शेवटचा अपराध हे सहा खुनी करीत नाहीत, तो गावातील सभ्य गृहस्थ करवितात. त्यांना कोणते पुनर्वसन लागू पडेल, याचा विचार चित्रपटाने केलेला नाही. आम्हीही पूर्वी केला नव्हता.

येथपर्यंत प्रशंसा. पण विद्यार्थिनीचा आक्षेपही खराच आहे. हे सहा लोक कोण होते? त्यांची नावे आहेत, रागलोभ आहेत, एकाला घरचे लोक भेटायला येतात. परंतु त्यांनी खून का केले, कोणाचे केले, बांधाच्या भांडणातून की दारूच्या भरात, याचा चित्रपटाला फारसा सोस नाही. अपराध हा त्यांच्या अंगचा एक रानटी जोर आहे. तो जोर कुदळीत उतरला की काम झाले. माती कसणारा जसा ढेकूळ फोडतो तसा आदिनाथ त्यांना फोडतो आणि पेरतो. परिणामी नाट्य सगळे आदिनाथच्या अंतःकरणात घडते. श्रद्धा त्याची, शंका वरिष्ठांची, परीक्षा त्याची, बलिदान त्याचे. कैदी ही त्या परीक्षेची उत्तरपत्रिका.

आणि ते दोन डोळे! ज्या प्रतिमेवर चित्रपट उभा आहे तिच्याविषयी आमचे मत या खेपेस बदलले, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी ते डोळे आम्हांस करुणेचे वाटत. आज पाहताना वाटते की ते करुणेचे आहेत, पण पहाऱ्याचेही आहेत. भिंत काढली, शिपाई काढला, आणि शिपाई कैद्याच्या मनात नेऊन बसवला. चित्रपट संपतो तेव्हाही ते सहाजण त्या डोळ्यांखालीच राहतात, मळा सोडून जात नाहीत. म्हणजे शिक्षा भोगून मनुष्य आपल्या गावी परतला, वेशीत शिरला, ज्याच्या भावाला मारले तो पारावर समोरच बसलेला दिसला, तर काय होते, हा पुनर्वसनाचा सर्वांत अवघड प्रश्न, त्याच्या उंबरठ्यावर चित्रपट थबकतो. बलिदानाने कथा पुरी होते, पण प्रश्न तसाच राहतो. शांतारामांचा भव्यतेकडे ओढा होता. ज्याला शेवट सापडत नाही अशा साध्या गोष्टीत त्यांचे मन रमत नसे.

वस्तुस्थिती मात्र चित्रपटापेक्षा साधी आणि म्हणून अधिक धीट आहे. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, तरी स्वतंत्रपूर राहिले. तेथील बंद्यांना कुटुंबासह राहता येते, हे त्या वसाहतीचे वैशिष्ट्य. चित्रपटातील कैदी ब्रह्मचारी साधकांसारखे एका आश्रमात राहतात. स्त्री येते ती खेळणी विकणारी चंपा, गाणी गाण्यापुरती. खऱ्या वसाहतीत बायको भाकऱ्या थापते, पोरे रडतात. मनुष्य पळून जात नाही तो कोणाच्या डोळ्यांच्या धाकाने नव्हे. ज्यांच्याकडे पळून जायचे ते सारे येथेच आहेत म्हणून. यात उदात्त काही दिसत नसेल. पण राज्यकर्त्याने अपराध्याला घरधनी समजावे, ही गोष्ट आम्हांस बैलांशी केलेल्या झुंजीपेक्षा मोठी वाटते. माडगूळकरांच्या लेखणीला ती पेलली नसती असे नाही. त्यांनी ती सोडून दिली, एवढे खरे.

आता याच मुलखाच्या शेजारी दुसरी एक वसाहत होती, ती आठवणे अवश्य आहे. सोलापूर शहराचा एक भाग अजून ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे तारेच्या कुंपणात माणसे ठेवलेली होती. त्यांना कोणत्याही न्यायाधीशाने शिक्षा सुनावलेली नव्हती. त्यांची जात सरकारी यादीत होती, एवढाच त्यांचा अपराध. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली त्याची व्याप्ती मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली. १९२४ साली तो नव्याने एकत्र करण्यात आला. मूळ कायदा मांडताना सरकारी बाजूचा युक्तिवाद असा होता की या देशात धंदे जन्माने चालतात. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. आमच्याच जातिव्यवस्थेचे तत्त्व परक्या राज्यकर्त्यांनी उचलले आणि फौजदारी कायद्यात बसवले. त्या वेळी आमच्या विद्वानांपैकी कितीजणांना त्यात काही गैर वाटले असेल, असा प्रश्न मनात येतो आणि मान खाली जाते.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की सोलापूरच्या त्या कुंपणालाही ‘सुधारणा’ हेच नाव होते. आत शाळा होती, माणसे गिरण्यांत कामाला जात, आणि ठरल्या वेळी हजेरी देत. म्हणजे एकाच काळात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी, एकाच शब्दाचे दोन अर्थ चालू होते. आटपाडीला सिद्धदोष खुन्याचे कुलूप काढले जात होते. सोलापूरला ज्याने काही केलेले नाही त्याच्याभोवती तार ओढली जात होती. एकीकडे भरवसा, दुसरीकडे हजेरी. मराठीत अपराध्याविषयी जे वाङ्मय लिहिले गेले ते या दोन शब्दांच्या मधल्या जागेत लिहिले गेले, असे आमचे मत बनले आहे.

हजेरीचे वाङ्मय प्रथम मोठ्या ताकदीने लिहिले ते अण्णा भाऊ साठे यांनी. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटणारा, सरकारी खजिना फोडणारा, आणि आपल्या माणसांच्या सुटकेसाठी अखेर सरकारच्या स्वाधीन होणारा हा नायक. त्या कादंबरीत मांगांवर लादलेली हजेरी ही केवळ पोलिसी तजवीज नाही. दिवस उगवला की आपण माणूस नसून संशय आहोत, याची ती उजळणी आहे. पण ‘फकिरा’ वीरगाथा आहे. तिच्यातील लूट न्याय्य ठरते ती लुटणाराच्या उंचीमुळे. ज्याला अशी उंची नाही, जो खजिना फोडीत नाही, जत्रेत कोणाचा खिसा कापतो आणि सापडला की मार खातो, त्याचे काय? वीरगाथेत त्याला जागा नाही. ती जागा ‘उचल्या’ने दिली.

‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लेखकाचे गाव धनेगाव. हा लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि नंतर काही वर्षे हैदराबाद राज्यात राहिला. तेव्हा आमच्यासारख्या हैदराबादच्या मराठी वाचकांना हे पुस्तक परक्या प्रांताचे नव्हे. आजोबा लिंगप्पांची पिढी हजेरीची. बाप मार्तंड. लेखक घराण्यातील शाळेत गेलेला पहिला. तो शाळेत जाऊ लागला आणि वस्तीतील मुले आजारी पडली, तेव्हा जातीतील लोकांनी दोष त्याच्या शाळेला दिला. आपल्यात कोणी शिकत नाही, हा शिकायला गेला म्हणून कोप झाला. या प्रसंगाइतके शिक्षणाविषयी बोलके पान आम्ही मराठीत क्वचितच वाचले असेल. शिक्षक वर्गात उभा राहून अज्ञानाची निंदा करतो; परंतु ज्या घरात अक्षर म्हणजे पोलिसाच्या वहीतील आपले नाव, एवढाच अनुभव पिढ्यानपिढ्यांचा, त्या घराला अक्षराची भीती वाटली तर ते अज्ञान नव्हे, अनुभव होय. तरीही त्या मुलाची शाळा सुटली नाही.

पुस्तकाच्या पूर्वार्धात चोरीचे शिक्षण सविस्तर येते. खिसा कसा कापावा, माल कसा हातोहात पुढे द्यावा, आणि पकडले गेल्यावर तोंड कसे मिटून ठेवावे. शेवटच्या धड्यासाठी मुलांना घरचीच माणसे मारतात, कारण पुढे पोलीस मारणार आहेत. या भागाची भाषा विलक्षण आहे. तिच्यात लाज नाही आणि फुशारकीही नाही. सुताराने रंध्याविषयी बोलावे तसे लेखक ब्लेडविषयी बोलतो. काही टीकाकारांनी याला अलिप्तता म्हटले असते. आम्हांस ती अलिप्तता वाटत नाही. पोट भरण्याचा एकच मार्ग ज्याला ठाऊक आहे त्याने तो जसा आहे तसा सांगितला आहे. आणि त्याच्या शेजारीच, त्याच आवाजात, पोलिसांचे घरात शिरणे, बायकांची विटंबना, मारहाण, चोरीचा माल स्वस्तात घेणारे प्रतिष्ठित, आपला वाटा वसूल करणारे वर्दीतले लोक, हे सगळे येते. चित्रपटातील बाजार येथेही आहे. फक्त येथे प्रतिष्ठित लोक मळा तुडवीत नाहीत; ते मालाला गिऱ्हाईक होतात.

आता एक तारीख सांगणे जरूर आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. आजोबांची हजेरी सोडली तर ‘उचल्या’तील बहुतेक सगळी मारहाण त्यानंतरची आहे. म्हणजे हे पुस्तक कायद्याविषयीचे नाही. कायदा गेल्यावर मागे राहिलेल्या सवयीविषयीचे आहे. गावात कोठेही चोरी झाली की फौजदाराचे पाय आपोआप त्याच वस्तीकडे वळतात. अपराध सिद्ध व्हावा लागत नाही, कारण तो जन्मतःच सिद्ध आहे. अशा माणसाला ‘पुनर्वसन’ हा शब्द लावून पाहा. पुनः वसविणे, म्हणजे पूर्वी केव्हातरी तो वसलेला होता असे त्या शब्दात गृहीत आहे. चित्रपटातील सहाजणांना ते लागू पडते. ते कोठूनतरी उठले होते, त्यांना परत बसवायचे होते. धनेगावच्या या कुटुंबाचे वसनच कधी झाले नाही, तेथे पुनः कोठून आणायचे? विद्यार्थिनीला पुस्तकात सुधारणा सापडली नाही, त्याचे एक कारण हे. तिच्या अभ्यासक्रमातील शब्द मुळातच या पुस्तकाच्या मापाचा नव्हता.

दुसरे कारण मात्र पुस्तकातच आहे, आणि तेथे टीकाकाराला आपले काम केले पाहिजे. ‘उचल्या’चा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नाही. लेखक सूतगिरणीत कामाला लागतो, कामगारांच्या लढ्यात पडतो, नोकरी जाते, मग चळवळ, मोर्चे, निवेदने, मेळावे. येथे गद्याची पकड सैल होते. एका सभेमागून दुसरी सभा येते आणि वाचक पाने उलटू लागतो. पहिल्या वाचनात आम्ही हा ठळक दोष मानला होता आणि तसे एका व्याख्यानात बोललोही होतो. दोष तो आहेच. कंटाळवाणे लिहिण्याला कोणत्याही सामाजिक हेतूने सवलत मिळू नये. परंतु विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर तीच पाने पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले की ती जिला शोधत होती ती सुधारणा नेमकी या रटाळ पानांतच आहे. येथे कोणी आदिनाथ येत नाही. कोणाच्या डोळ्यांत पाहून कोणाचे हृदय पालटत नाही. गिरणीचा भोंगा, हजेरीपटावर मांडलेला दिवस, त्याची मिळालेली मजुरी, संघटनेची पावती, कचेरीत दिलेला अर्ज, त्यावर न आलेले उत्तर, मग दुसरा अर्ज. हजेरी येथेही आहे, पण ती कामाची हजेरी आहे. तिच्या शेवटी मार नसून पगार आहे. ज्याच्या आजोबाने पोलीस ठाण्यात हजेरी दिली त्याचा नातू गिरणीच्या हजेरीपटावर येतो आणि मग ती गिरणी बंद पाडण्याची भाषाही करतो! हा प्रवास लेखकाने अधिक चांगला लिहायला हवा होता, हे आमचे म्हणणे कायम आहे. पण तो लिहिणे कठीण का जाते हेही आता उमगते. बलिदानाला रंग भरता येतो. अर्जाला रंग कसा भरायचा?

येथे एक गोष्ट विशेषतः शिक्षकबंधूंसाठी. ‘उचल्या’ हे जातीला लावलेले नाव आहे आणि क्रियापदावरून आलेला शब्दही आहे. ‘भामटा’ हा शब्द घ्या. तो एका जमातीचा निर्देश आहे आणि मराठीच्या कोणत्याही मोठ्या कोशात त्याचा दुसरा अर्थ लबाड, ठक असा दिलेला आढळेल. ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट, असे आम्ही मुलांना वाक्प्रचार शिकवताना सहज सांगतो. आणि भीमराव गस्ती यांच्या आत्मकथनाचे नाव ‘बेरड’च आहे. बेळगावच्या परिसरातून आलेले ते पुस्तक सीमाभागातील वाचकांना सांगायला नको. कायदा १९५२ साली संसदेने रद्द केला. कोश रद्द करण्याचा अधिकार संसदेला नाही, आणि असूही नये. परंतु वर्गात ‘भामटा’चा अर्थ सांगताना पुढच्या बाकावर त्या वस्तीतला मुलगा बसलेला असेल, ही जाणीव आम्हांला भाषाशास्त्राच्या कोणत्या पुस्तकाने दिली? ती लक्ष्मण गायकवाडांनी दिली, ग्रंथाला तेच नाव ठेवून. शिवी म्हणून जो शब्द अंगावर आला तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. आता त्या शब्दाच्या अर्थात त्यांचे पुस्तकही आले आहे. कोशकाराला ते टाळता येणार नाही.

कायद्याची भाषाही अशीच चिवट आहे. जुना कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीचे नाव गेले, ‘सराईत’ हे विशेषण आले, आणि नजर होती तेथेच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांविषयी जो निकाल दिला तो या संदर्भात प्रत्येक भाषाशिक्षकाने वाचावा असा आहे. कित्येक राज्यांच्या नियमपुस्तिकांत कैद्यांना जातीप्रमाणे कामे नेमलेली होती आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत समजण्याची तरतूद होती. त्या घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने राज्यांना आपल्या पुस्तिका सुधारण्यास सांगितले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी! म्हणजे तुरुंगात शिरतानाही मनुष्य आपली वस्ती बरोबर घेऊन जात होता. आदिनाथच्या सहाजणांना जात आहे की नाही हे चित्रपट सांगत नाही. १९५७ साली ते मौन उदार वाटले असेल. आज ते थोडे सोयीचेही वाटते.

या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते ते एक जुने शब्दचित्र, आणि योगायोग असा की त्याचा लेखक गदिमांचाच धाकटा भाऊ. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधील ‘धर्मा रामोशी’ आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. रामोशी म्हणजे गावची राखण करणारा, आणि सरकारदरबारी चोर म्हणून संशयित; एकाच माणसाकडे किल्ली आणि त्याच्यावरच नजर. या शब्दचित्रात चोरी नाही, पोलीस नाही, सुधारणाही नाही. निवेदक म्हाताऱ्या धर्माला नेसायला एक जुने धोतर देतो. नंतर पाहतो तो धर्मा पुन्हा उघडाच. निवेदकाला राग येतो. दिलेल्या वस्तूची किंमत नाही या लोकांना, असे काहीसे त्याच्या मनात येते. मग त्याला दिसते की ते धोतर धर्माच्या मुलीच्या अंगावर आहे. तिला नेसायला काही नव्हते.

त्या शब्दचित्रातील खरी घटना धोतर देणे ही नाही, निवेदकाचा राग ही आहे. चांगला, सहृदय, शिकलेला मनुष्य. देतो आणि लगेच हिशेब मागतो. दिलेले कोठे गेले हे पाहायला त्याचे दोन डोळे मागोमाग जातात. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या डोळ्यांना शेवटी खाली पाहायला लावले. थोरल्या भावाच्या चित्रपटात जी गोष्ट घडत नाही ती धाकट्याच्या काही पानांत घडते: उपकार करणाराच्या ध्यानात येते की आपण समोरच्या माणसाला ओळखतच नव्हतो. यात कोणाला डावे-उजवे करण्याचा आमचा हेतू नाही. दोघांनी एकाच माळावरची माणसे पाहिली. एकाला त्यांच्यात शक्ती दिसली, दुसऱ्याला उघडेपण.

विद्यार्थिनी दिवाळीनंतर पुन्हा आली. आम्ही तिला वरीलपैकी बरेचसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, वहीत काही टिपले, आणि ‘उचल्या’चा उत्तरार्ध पुन्हा वाचण्यासाठी पुस्तक मागितले. ग्रंथपालांनी नोंदवही पाहिली. ते दुसऱ्या कोणा वाचकाकडे गेले होते. तिचे नाव प्रतीक्षायादीत घातले आहे. तोवर ‘माणदेशी माणसं’ तिने नेले.